टिटवी छाप कुलपं आणि आमचे दाजी

आमच्या दाजींच्या हातात कुठलंही कुलूप द्या, ते आधी तळहातावर घेऊन दोनदा खालीवर करणार, मग कानाशी नेऊन हलवणार, आणि त्यानंतरच किल्ली मागणार. बघणाऱ्याला वाटतं, काय मोठी विद्या आहे! विद्याबिद्या काही नाही. एकतीस वर्षं माणूस एका बाकावर बसून एकच काम करतो, तेव्हा त्याला न विचारता त्याचे हात ते करायला लागतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. टिटवी छाप कुलपांच्या कारखान्यात किल्लीखात्यात होते. माझं घरगुती सामानाचं दुकान कारखान्याच्या वसाहतीपासून पाच मिनिटांवर. तेव्हा हे सगळं मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, घरातून आणि काउंटरमागून. जे सांगतोय त्यात माझं कौतुक होण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

टिटवी हे नाव कंपनीच्या पहिल्या मालकाने दिलं. कोणी जवळ आलं की हा पक्षी गप्प बसत नाही, सगळं रान डोक्यावर घेतो, म्हणून. लोक तेव्हा हसले म्हणे. पुढे असं झालं, की घरातून निघताना कोणी ‘कुलूप लाव’ म्हणेना. ‘टिटवी लाव’ म्हणायचे. दुसऱ्या कंपनीचं कुलूप घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मला विचारायचं, ‘टिटवी आहे का, त्या दुसऱ्या कंपनीची?’ आता बोला.

किल्लीखात्याचा एक नियम होता. एका गावात एकसारखी किल्ली दोनदा जाता कामा नये. त्यासाठी ही जाडजूड वही. गावागणिक वेगळं पान, त्यावर कुठल्या खाचांची किल्ली गेली त्याची नोंद. दाजी कानशीने खाचा काढायचे आणि वहीत लिहायचे. एकदा एका गावाला एकसारख्या दोन किल्ल्या गेल्याचं त्यांच्या दोन आठवड्यांनी लक्षात आलं. रजा टाकली, एसटीने त्या गावाला गेले, दुकानदाराकडून गिऱ्हाईक कोण ते काढलं आणि एका शिंप्याच्या दाराचं कुलूप बदलून देऊन आले. शिंप्याला वाटलं, हा माणूस भामटा आहे. त्याने नवं कुलूप चार वेळा उघडून-लावून बघितलं, तेव्हा कुठे जुनं दिलं. एसटीचं भाडं कंपनीने दिलं. रजा मात्र कापली ती कापलीच.

आता अशी कंपनी बुडालीच कशी, असं लोक विचारतात. मोठमोठी माणसं त्याची मोठमोठी कारणं सांगतात. माझं कारण छोटं आहे. मी दुकानात बसून बघत होतो, की नवीन घरं बांधणारे लोक दारात बसवायचं कुलूप मागताहेत, ते ओढलं की बंद होतं ते. मी कंपनीच्या विक्रेत्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘आपलं कुलूप लटकतं, चोराला रस्त्यावरून दिसतं. ते दारात घुसलेलं कोणाला दिसणार?’ मी म्हटलं, ‘अरे बाबा, चोराला नाही, गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचार.’ तो हसला आणि नेहमीएवढ्या पेट्या उतरवून गेला.

गंमत म्हणजे तसं कुलूप कंपनीने करून ठेवलं होतं! दाजींनी स्वतः त्याच्या पहिल्या किल्ल्या काढल्या होत्या. छान होतं म्हणाले. पण लटकत्या कुलपांच्या खात्याचा साहेब वर चढून सगळ्यांचा साहेब झाला होता, आणि आपल्याच खात्याच्या पोटावर पाय कोण आणील? नमुना कपाटात गेला. कपाटाला अर्थातच टिटवी.

त्यानंतरही सहा वर्षं धंदा बरा चालला, आणि घात झाला तो तिथेच. माल खपत होता तो नावावर, आणि साहेबाला वाटत होतं मालावर खपतोय. पैसे कमी पडायला लागले तसं आधी किल्लीखातं कापलं. नऊ माणसांची तीन झाली. वही बंद करा म्हणाले, एवढं कोण बघतंय? दाजी घरी वही करायचे, डायरीत. मग एक दिवस फाटकावर नोटीस लागली. यंत्रं भंगारात गेली. जमीन एका बिल्डरने घेतली. कामगारांना देण्याघेण्याच्या बदल्यात वसाहतीतली राहती घरं मिळाली, ती चौसष्ट. आणि नाव? नाव सगळ्यांत महाग गेलं. बरोबरच आहे. नावाला छप्पर लागत नाही, पगार लागत नाही, ते आजारी पडून रजा टाकत नाही.

दोनेक वर्षांनी टिटवी परत आली. इस्त्रीवर आली, नळावर आली, बॅटरीवर आली, आणि कुलपावर आली. कुठे बनायचं कोणास ठाऊक. मी विकायला लागलो. का विकू नये? लोक दुकानात शिरता शिरताच बोट दाखवायचे, मला तोंड उघडावं लागत नव्हतं. असं गिऱ्हाईक कोणाला नको आहे?

मग नव्या कंपनीचा एक तरुण साहेब दाजींच्या घरी आला. टायवाला. ताईने चहा केला. टायवाला म्हणाला, ‘सर, टिटवी म्हणजे तुम्ही. आम्ही फक्त निमित्त.’ दाजींना आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं. त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. टायवाल्याची योजना अशी, की वसाहतीतल्या प्रत्येक घराने जुनी टिटवी द्यायची आणि नवी फुकट घ्यायची. जुनी कुलपं त्यांच्या मुख्य कचेरीत काचेच्या कपाटात लावणार, आणि दाजींचा फोटो खोक्यावर.

‘जुनी चांगली आहेत की,’ ताई म्हणाली.

‘अगं, नाव परत आलंय,’ दाजी म्हणाले. ‘आपण नाही लावलं तर कोण लावणार?’

त्यांनी नवं कुलूप तळहातावर घेतलं, वजन बघितलं, कानाशी हलवलं, किल्ली फिरवली. पसंत पडलं. मग घरोघर गेले. वसाहतीत दाजींच्या शब्दाला किंमत होती. ज्यांच्याशी पाण्यावरून भांडण होतं त्यांनीसुद्धा दाराचं कुलूप काढून दिलं. आठवड्याभरात चौसष्ट दारांवर चौसष्ट नव्या टिटव्या, अगदी ओळीत. टायवाल्याने फोटो काढले. जुन्या कुलपांचं पोतं गाडीत घालून घेऊन गेला.

एक गोष्ट दाजींनी तपासली नाही. प्रत्येक किल्ली वेगळी आहे का? ही तपासायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही. आपल्याला पाय दोन आहेत का, हे कोणी सकाळी उठून मोजत नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी दाजी भाजी घेऊन घरी आले. ताई आमच्याकडे आली होती. त्यांनी कुलूप उघडलं, चपला काढल्या, पिशवी टेकवली, खुर्चीत बसले आणि पंखा लावायला हात वर केला. बटण जागेवर नव्हतं. मान वर केली तर समोर भट्टीच्या लग्नाचा फोटो.

वसाहतीतल्या चारही ओळी एकसारख्या. उन्हात डोकं खाली घालून चालणारा माणूस एक ओळ आधी वळला, यात नवल नाही. भट्टी म्हणजे दाजींचा जुना मित्र. ओतकाम खात्यात भट्टीवर होता आणि डोकंही तसंच, म्हणून ते नाव. त्या दिवशी तो बायकोचे डोळे दाखवायला गेला होता. दाजी उठले, चपला घातल्या, भाजी घेतली, दाराला कुलूप लावलं आणि आपल्या हातातल्या किल्लीकडे बघत उन्हात उभे राहिले.

मग त्यांनी जे केलं ते कोणी बघितलं असतं तर शोभा झाली असती. भाजीची पिशवी हातात धरून हा सज्जन माणूस भर दुपारी दुसऱ्यांच्या दाराला किल्ली लावत फिरला. बाहेर कुलूप असलेली चौदा घरं सापडली. दोन उघडली.

तिथून तडक माझ्या दुकानात. ‘खोकी काढ,’ म्हणाले.

‘कसली खोकी?’

‘कुलपांची. सगळी.’

एकशे चाळीस होती. दुकानाचं अर्धं शटर ओढून आम्ही जमिनीवर बसलो. दाजी प्रत्येक किल्ली बघायचे आणि कुठल्यातरी ढिगात टाकायचे. तासाभरात काम संपलं. नऊ ढीग झाले. एकशे चाळीस कुलपांना किल्ल्या नऊ प्रकारच्या! मग त्यांनी एक कुलूप पकडीत धरून खोललं. आतून लोखंडाची एक सपाट चकती पडली. तिचा कशाशी काही संबंध नव्हता.

‘वजन,’ दाजी म्हणाले. ‘हातात जड लागावं म्हणून घातलीय. माझ्यासारख्या गाढवासाठी.’

त्यांनी माझ्याच फोनवरून टायवाल्याला फोन लावला. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. ‘सर, हल्ली कुलूप बघूनच चोर परत जातो हो. आणि तुमच्या वसाहतीत सगळी तुमचीच माणसं. उघडणार कोण?’ दाजींनी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, नियम सांगितला, वहीचं सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, तुमच्या या भावना आम्ही नक्की वर कळवतो.’ भावना! नऊ प्रकारच्या किल्ल्या ही भावना झाली.

‘मी सांगणार सगळ्यांना,’ दाजी उठून उभे राहिले. ‘माझ्या शब्दावर लावलीत त्यांनी. माझ्या शब्दावर काढायला लावीन.’

‘दाजी, जरा दमानं घ्या,’ मी म्हणालो. ‘ही खपू देत. मग हळूच सांगू.’

ते माझ्याकडे बघत राहिले. ‘तुझी ताई काय दिवसभर घर राखत बसते का रे?’

‘नाही, म्हणजे…’

‘भट्टीकडच्या वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. भट्टीचं घर चार दिवस बंद. माझी किल्ली त्याच्या दाराला लागते.’

माझं लक्ष त्या नऊ ढिगांकडे होतं. कुठली किल्ली कुठल्या खोक्यात, हे पुन्हा जुळवायचं कोणी?

रविवारी सकाळी दाजींनी वसाहत भट्टीच्या दारात जमवली. तीसेक माणसं असतील. ताई होती, मी होतो. दाजींना भाषण जमत नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की माझी चूक झाली, ही कुलपं खोटी आहेत, आपली जुनी गेली ती गेली, आता दुसरी घ्या, कुठल्याही कंपनीची घ्या. मग भट्टीच्या दाराला त्याचंच कुलूप लावलं, खिशातून आपली किल्ली काढली आणि फिरवली. कुलूप उघडलं.

मग भट्टीने टाळ्या वाजवल्या.

‘वा रे पठ्ठ्या! हात अजून तसाच आहे!’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजी म्हणाले, ‘अरे, हाताचा काय संबंध? किल्ली लागते.’

‘तुझ्या हातात चमचा दिला तरी लागेल,’ भट्टी म्हणाला. ‘साहेबाच्या केबिनचं कुलूप तू हेअरपिनने उघडलं होतंस, विसरलास?’

‘ते वेगळं होतं.’

‘आणि टिटवी खोटी कशी असेल? चार पिढ्यांचं नाव आहे. तूच सांगायचास.’

खरं होतं, तेच सांगायचे. दाजींनी कुलूप पुन्हा लावलं. ते म्हणाले, ‘माझा हात नको ना? मग हिला देतो,’ आणि ताईकडे किल्ली केली.

‘वहिनी नको!’ कोणीतरी ओरडलं. ‘एकतीस वर्षांत वहिनीपण तयार झाल्या असतील!’ हशा पिकला. ताई रागाने लाल झाली.

‘मग याला द्या,’ भट्टीने माझ्याकडे बोट केलं. ‘शेठला. याच्याने बरणीचं झाकण उघडत नाही. यानं उघडलं तर मी मानलं, आत्ताच्या आत्ता कुलूप गटारात टाकतो.’

‘सगळेच टाकू,’ मागून एक जण म्हणाला.

दाजींचा चेहरा एकदम खुलला. सुटलो, असं झालं त्यांना. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, वर माझी मूठ दाबली. ‘तू फिरव फक्त. जोर नको लावू.’

मी कुलूप हातात घेतलं. तीस माणसं मागे. यातल्या प्रत्येकाचे भाऊ, साडू, जावई माझ्याकडे माल घेतात. वसाहतीने टिटवी टाकली की गावात कोण ठेवणार? कुलपं गेली असती, तशा इस्त्र्या आणि नळही गेले असते. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं, लाज वाटते पण आलं. मी किल्ली आत घातली आणि फिरवली. ती फिरली. लोण्यातून फिरावी तशी फिरायला लागली, आतून बारीक ‘टक्’ झालं, आणि मी मनगट तिथेच आवळलं, परत मागे आणलं आणि किल्ली बाहेर काढली.

‘नाही हो,’ मी म्हणालो. ‘नाही लागत.’

काय हशा झाला म्हणता! भट्टीने दाजींच्या पाठीवर थाप मारली. ‘झालं समाधान? आता चहा घे आणि गप बस.’

दाजी हसले नाहीत. त्यांनी तो ‘टक्’ ऐकला होता. ज्या माणसाने एकतीस वर्षं कानाने काम केलं, त्याला चार हातांवरून ऐकू येणार नाही? ते माझ्या हाताकडे बघत होते, तोंडाकडे नाही. त्यांनी एकदा ताईकडे बघितलं. ताई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून काहीच आलं नव्हतं. तिला कळलं नव्हतं. ‘आण ती किल्ली,’ म्हणून त्यांनी माझ्या हातातून घेतली असती, दुसऱ्या कोणालाही दिली असती, तर एका मिनिटात सोक्षमोक्ष लागला असता. आणि मग तिचा सख्खा भाऊ सगळ्या वसाहतीसमोर लबाड ठरला असता, तिच्या देखत.

‘माझंच चुकलं असेल,’ दाजी म्हणाले. ‘वय झालं.’

लोकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. कोणी वाईट बोललं नाही. म्हातारा माणूस आहे, जुन्या कंपनीचं मनाला लावून घेतो, असं हळू आवाजात एकमेकांना सांगत सगळे पांगले. ऑपरेशनचे चार दिवस दाजी भट्टीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसून होते, सकाळ ते संध्याकाळ. भट्टीला वाटलं, मित्रप्रेम.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी मी माझ्या शटरचं कुलूप बदललं. दुसऱ्या कंपनीचं, महागातलं.

दाजींनी मला आजपर्यंत एका शब्दाने विचारलं नाही. येतात, बसतात, काय शेठ म्हणतात, आंब्याची पेटी आली की पाठवतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच सांगतो. पण कुलपाचा विषय ते काढत नाहीत, आणि हातात कुलूप दिलं तर वजन न बघता परत देतात. वर्षभराने भट्टी दुकानात आला. मुलीने नवीन घर घेतलं होतं, मोठ्या दाराला चांगलं कुलूप पाहिजे होतं.

‘दाजींना नाही विचारलंत?’ मी म्हणालो.

‘त्यालाच आधी विचारलं. म्हणतो, मला कुलपातलं काही कळत नाही, माझ्या मेहुण्याला विचार. तो सांगेल ते घे.’ भट्टी काउंटरवर टेकला. ‘सांग बाबा. पोरगी एकटी राहणार आहे. कुठलं देतोस?’